जेवणघरातील फडताळ : फळ्या किती, कोठे आणि कशासाठी?

जुन्या वाड्यांच्या भिंती इतक्या जाड असत की फडताळ भिंतीच्या पोटातच मावे आणि त्यासाठी खोलीची जागा अडत नसे. आजच्या सदनिकेतील आतली भिंत बहुधा साडेचार इंचांची. त्यामुळे जेवणघरातले कपाट भिंतीला लागूनच बांधावे लागते आणि त्याचा प्रत्येक इंच खोलीच्या क्षेत्रफळातून वजा होतो. असे असूनही घर सजविताना चर्चा होते ती सनमायकाच्या रंगाची आणि काचेवरील नक्षीची. आतल्या फळ्यांचा निर्णय सुतारावर सोपविला जातो. सुतार बारा-बारा इंचांवर सारख्या फळ्या ठोकतो, कारण त्याला तेच सोयीचे असते.

पाच फूट रुंद आणि सात फूट उंच जागेत असे फडताळ करावयास निघालेल्या एका कुटुंबाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. घरात ७६ वर्षांच्या सासूबाई. पाने मांडण्याचे काम अनेक वर्षे त्यांच्याकडे होते. जुन्या कपाटात ताटांची थप्पी वरच्या खणात गेली आणि ते काम त्यांच्या हातून सुटले. कोणी काढून घेतले नव्हते. केवळ हात पोहोचेना. सूनबाईंच्या हे लक्षात आले तेव्हा त्यांनी सुताराला दोन दिवस थांबण्यास सांगितले आणि घरातील सारी भांडी जमिनीवर चादर अंथरून तिच्यावर मांडली.

हे करणे अत्यंत आवश्यक आहे. रोजची, आठवड्यातून एकदा लागणारी आणि वर्षातून दोनदा निघणारी अशा तीन राशी कराव्यात. मग टेप घेऊन प्रत्येक राशीतील सर्वांत रुंद व सर्वांत उंच वस्तू मोजावी. थप्पीची उंची अधिक हात आत जाण्यासाठी दोन इंच, एवढे दोन फळ्यांतील अंतर पुरते. याहून अधिक अंतर ठेवले की थपप्यांवर थप्प्या चढतात आणि खालचे भांडे काढताना वरचे कोसळते.

रुंदीचा प्रश्न याहून नाजूक. पाच फूट म्हणजे ६० इंच. पाऊण इंच जाडीच्या प्लायचे दोन खण केले तर प्रत्येकी सुमारे २९ इंच मिळतात, तीन केले तर १९ इंच. दोन खणांत एक उभी फळी वाचते, खर्च थोडा कमी होतो. परंतु एकाच जाडीची फळी सारख्याच दाटीने भरली, तर तिचा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. १९ इंचांच्या जागी २९ इंच केले की बाक पाचपटींहून अधिक! पितळी भांड्यांखाली चार-पाच वर्षांत पोट काढून बसलेल्या फळ्या पुष्कळ घरांत दिसतात; दोष बहुतेक वेळा प्लायचा नसून अंतराचा असतो. पुढील कडेला दीड इंचाची उभी पट्टी लावली तर फळीला चांगला आधार मिळतो.

या कुटुंबाने मात्र समान खणांचा आग्रहच सोडला. त्यांची ताटे १२ इंचांची. १९ इंचांच्या खणात ताटांची एकच ओळ बसते आणि उरलेले सात इंच वाट्यांखेरीज कशाच्या कामाचे राहत नाहीत. म्हणून २५, १८ आणि १४ इंच असे तीन विषम खण ठरले : पहिल्यात ताटांच्या दोन ओळी, दुसऱ्यात ड्रॉवर, तिसऱ्यात बरण्या व उंच भांडी.

खोलीचा हिशेब प्लायच्या तक्त्यानेच करून दिला. तक्ता ८ फूट बाय ४ फुटांचा. ४८ इंचांत १८ इंचांच्या दोन पट्ट्या खालच्या भागासाठी निघतात आणि उरलेल्या बारा इंचांतून वरच्या भागाच्या फळ्या. मात्र करवतीची रेघही लाकूड खाते, म्हणून हाती पावणेबारा इंचच येतात. बारा इंचांचे ताट तेथे ठेवले तर दार लागणार नाही. दार बसविल्यानंतर ही गोष्ट उघडकीस आलेली घरे थोडी नाहीत. साहजिकच ताटे खालच्या भागात आली, आणि तीही थप्पीत नव्हे, तर उभ्या खाचांत, एकेक सुटे निघेल अशी. गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, म्हणजे पाच फूट उंचीच्या स्त्रीसाठी साधारण चार फुटांपर्यंत, वजन उचलणे सोपे जाते. सासूबाईंची उंची तेवढीच आहे.

फळ्या पक्क्या की सरकत्या, यावर मतभेद असतात. मधली एक फळी पक्की असावी, नाहीतर उभ्या बाजू फाकतात. बाकीच्या खिळीवर टेकणाऱ्या सरकत्या ठेवाव्यात. छिद्रे मात्र वरपासून खालपर्यंत पाडू नयेत. जेथे फळी हलण्याचा संभव आहे तेथेच चार-पाच पुरेत. रिकाम्या छिद्रांत बारीक किडे घर करतात, आणि पुसताना त्यांची हिंसा टाळणे कठीण जाते.

प्लायबद्दल थोडक्यात : भिंतीपलीकडे मोरी किंवा सिंक असेल तर आयएस ७१० प्रतीचा घ्यावा, कोरड्या भिंतीला आयएस ३०३ चालतो. सुतार दर्शनी चौरस फुटावर दर सांगतो. येथे ३५ चौरस फूट झाले. त्या दरात आतल्या फळ्या, ड्रॉवर आणि उभ्या खाचा धरल्या आहेत किंवा नाहीत, हे काम सुरू होण्यापूर्वी कागदावर घ्यावे.

१४ इंची खणाला ओट्याच्या वर दार लावले नाही आणि २० इंचांपर्यंत फळीही टाकली नाही. उकळून निवविलेल्या पाण्याचे भांडे तेथे असते, आणि ते दिवसभर कोणाला ना कोणाला लागते.