धूर सुटतो कोठून?

चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट चढणारा भारलेला ट्रक काळा धूर ओकू लागला, की पाहणारे म्हणतात, "गाडी म्हातारी झाली." मालक म्हणतो, "टर्बो गेला." आमच्या मते हे दोन्ही निवाडे पुष्कळदा साक्षीपुरावा न पाहताच दिलेले असतात.

टर्बोचार्जर म्हणजे काय, हे प्रथम पाहू. इंजिनातून वेगाने बाहेर पडणारे तप्त वायू एक चक्र फिरवितात आणि त्याच आसावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या शक्तीलाच कामास जुंपण्याची ही युक्ती होय. परंतु इंजिन आणि टर्बो यांमधल्या सांध्यास फट पडली, तर चक्र फिरविणारा जोर वाटेतच निसटतो. मग हवा कमी पडते, डिझेल पुरते जळत नाही, धूर काळा येतो आणि चढावर गाडीचा दम तुटतो. टर्बो मात्र धडधाकट असतो!

म्हणून चांगला मिस्त्री आधी पाना उचलीत नाही, कान देतो. थंड इंजिन सुरू करताच 'टिक् टिक्' असा आवाज यावा आणि धातू तापून प्रसरण पावल्यावर तो मंदावावा, ही फटीची एक खूण. सांध्याशी उमटलेला काजळीचा ओघळ ही दुसरी. तरीही संशय उरला, तर बंद व थंड इंजिनाच्या धूरनळीत बेताच्या दाबाची हवा सोडून सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे जागा दाखवितात. आत हवा नेणारा रबरी होजही तो तपासतो, कारण तो फाटला तरी धूर काळाच येतो. चालू इंजिनाजवळ हात नेऊन फट शोधणे मात्र धोक्याचे. भार ओढताना तेथील वायू सहाशे अंश सेल्सिअसच्याही वर जातो.

दुरुस्तीतही उतावीळपणा चालत नाही. मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून तो वाकला आहे की काय हे पाहावे. वाकला असल्यास यंत्रावर सपाट करून घ्यावा. जुनी काजळी खरवडून नवे गॅस्केट बसवावे आणि बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, पुस्तिकेत सांगितलेल्या मापानेच आवळावे. वरून लेप फासून गाडी रस्त्यावर सोडणे, ही दुरुस्ती नव्हे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा फटीचे एवढे काय? परंतु निसटलेला धूर प्रथम केबिनमधील ड्रायव्हर व क्लीनर यांच्या छातीत जातो. डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे.

विद्यार्थिमित्रांनो, निरीक्षण, तर्क आणि पडताळा हे जे आपण प्रयोगशाळेत शिकतो, तेच काळ्या हातांचा तो मिस्त्री रोज आचरतो. त्याच्या विद्येस हलके लेखणे आम्हांस अन्यायाचे वाटते. आणि ज्या पालकांच्या गाड्या घाटांतून धावतात, त्यांस आमची एवढीच विनंती की, नव्या टर्बोचे पैसे मोजण्यापूर्वी "फट शोधलीत का?" असे एकदा अवश्य विचारावे.