अकरा महिन्यांची खोली, बारा महिन्यांचा प्लॅन

चाकणच्या खराबवाडीत, नाणेकरवाडीत, मेदनकरवाडीत जी मुले खोली करून राहतात, त्यांच्या आयुष्यात बारा महिने टिकेल अशी गोष्ट सहसा नसते. खोलीचा भाडेकरार अकरा महिन्यांचा. काम ठेकेदारामार्फत, सहा-सात महिन्यांनी ब्रेक, मग दुसरा ठेकेदार, दुसरे गेट, कधी दुसरे गाव. पण त्याच खोलीत वायफाय घ्यायचे ठरले की सांगितले जाते, "महिन्याचा घेऊ नका, वर्षाचा घ्या. राउटर फ्री, इन्स्टॉलेशन फ्री."

माझ्या खालाच्या मुलाने असाच वर्षाचा प्लॅन घेतला. खोलीत पाच जण, कनेक्शन त्याच्या नावावर. महिना ४९९ रुपये, वर जीएसटी, आणि बारा महिन्यांचा लॉक-इन. सहाव्या महिन्यात बिलात ४९९ चे ५९९ झाले. आठव्या महिन्याच्या शेवटी ठेका संपला. त्याला रांजणगावला काम मिळाले आणि तिथे ही कंपनी सेवाच देत नव्हती. कनेक्शन बंद करा म्हटल्यावर उत्तर आले: मुदतीआधी बंद करताय, १,५०० रुपये भरा. राउटर परत दिला तरी भरा. तो पैसे भरायला निघालाच होता. "जाऊ दे भाईजान, दीड हजारासाठी कुणाशी भांडत बसू?"

हे संपादकीय त्या "जाऊ दे"बद्दल आहे.

आधी या व्यवहाराकडे नीट पाहू. वर्षभराचा करार दोघांनी केला. सहाव्या महिन्यात कंपनीने दर बदलला, म्हणजे करार तिने बदलला. तिला काही भरावे लागले नाही. आठव्या महिन्यात मुलाने करार सोडला, त्याला दंड. एकाच कागदावर एका बाजूला मोकळीक आणि दुसऱ्या बाजूला बेडी. ब्रिटनमध्ये याच प्रश्नावर बरीच वर्षे वाद चालला. तिथल्या ऑफकॉम या नियामकाने १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारांसाठी नियम केला: मुदतीच्या मध्ये दर वाढणार असेल तर किती पौंड-पेन्सने आणि कधी, हे करार करतानाच सांगितले पाहिजे, महागाईच्या टक्क्याशी बांधलेली मोघम वाढ चालणार नाही. ग्राहकाने सही करण्याआधी त्याला पूर्ण किंमत कळावी, एवढेच त्यामागचे तत्त्व. आपल्याकडे असा थेट नियम नाही. पण आपल्या हातात काहीच नाही, असेही नाही.

इथे दोन भांडणे वेगळी केली पाहिजेत, कारण आपण बहुतेक वेळा हरणारे भांडण निवडतो आणि जिंकता येईल ते सोडून देतो.

३ जुलै २०२४ रोजी जिओ आणि एअरटेलचे दर वाढले, दुसऱ्या दिवशी व्होडाफोन आयडियाचे. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ झाला. महिना २८ दिवसांचा धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. साठ रुपयांची वाढ गुणिले तेरा म्हणजे ७८० रुपये. घरात असे पाच फोन असतील तर ३,९०० रुपये. ठेक्यावरच्या कामगारासाठी ही रक्कम लहान नाही. तेव्हा रील्स आल्या, बहिष्काराचे मेसेज फिरले, आणि आठवड्याभरात सगळे शांत झाले. कारण ती वाढ बेकायदेशीर नव्हती. मोबाईलचे बहुतेक दर ट्राय ठरवत नाही. कंपन्या ठरवतात आणि ट्रायला कळवतात. ते धोरण बदलायचे तर ते राजकीय काम आहे. आयोगात जाऊन ते होणार नाही.

एक मात्र करता येते, आणि ते फुकट आहे: निघून जाणे. त्याच नेटवर्कवर ९० दिवस झाले असतील आणि पोस्टपेडची बाकी नसेल, तर १९०० वर मेसेज करून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. शिवाय जानेवारी २०२२ च्या आदेशाने प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या ठरावीक तारखेला नव्याने सुरू होणारा प्लॅन ठेवणे भाग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले व्हाउचरही बंधनकारक केले. तुमची दादी फक्त फोन उचलते, पण दर महिन्याला डेटाचे पैसे भरते. आज घरी गेल्यावर आधी तिचा रिचार्ज बघा.

दुसरे भांडण वेगळे आहे. पुढच्या रिचार्जचा दर काय असावा, हा झाला बाजार. पण ज्या मुदतीसाठी तुम्ही शब्द दिला-घेतला, त्या मुदतीत दर वाढवणे हा शब्द मोडणे आहे. फोन कंपन्यांसाठी ट्रायने २००६ मध्येच नियम केला: एकदा घेतलेला टॅरिफ प्लॅन ग्राहकाला किमान सहा महिने मिळाला पाहिजे, त्या काळात दर कमी करता येतील, वाढवता येणार नाहीत. आणि सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा म्हणून विकलेला प्लॅन असेल, तर ती पूर्ण मुदत. ब्रॉडबँडबाबत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे सेवा देणाऱ्याने घेतले, तर ते या कायद्यानुसार तक्रारीचे सरळ कारण आहे. "दर बदलण्याचा हक्क कंपनीकडे राखीव" अशी बारीक अक्षरातली ओळ कंपनी दाखवेल. दाखवू द्या. ती ओळ न्याय्य आहे का, हे ठरवायला आयोग आहे.

आता मुदतीआधी बंद करण्याच्या शुल्काकडे येऊ. कंपनीची बाजूही खोटी नाही. वायर टाकायला माणूस येतो, राउटर विकत आणावा लागतो, वर्षाच्या हमीवर सवलत दिली जाते. ग्राहक दुसऱ्या महिन्यात निघून गेला तर तिचे नुकसान होते आणि ते मागण्याचा तिला हक्क आहे. प्रश्न किती मागायचे हा आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ सांगते की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. २०१९ चा ग्राहक कायदा आणखी पुढे जातो: प्रत्यक्ष नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लावणारा करार हा "अनुचित करार" ठरतो.

हिशेब सोपा आहे. समजा बसवण्याचा खर्च १,५०० रुपये आणि करार बारा महिन्यांचा. आठ महिने पैसे भरले, म्हणजे त्या खर्चाचे दोन तृतीयांश वसूल झाले. उरले ५००. राउटर चालू स्थितीत परत दिला असेल तर त्याहूनही कमी. पहिल्या महिन्यात जाणाऱ्याला आणि अकराव्या महिन्यात जाणाऱ्याला तोच आकडा लावला जातो, तेव्हा समजावे की ही भरपाई नाही, भीती आहे. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, आणि लेखी विचारा: "हे १,५०० कसे आले, ते फोड करून सांगा."

आम्ही तेच केले. त्या मुलाने पैसे भरले नाहीत. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन केला आणि डॉकेट नंबर घेतला. हा नंबर फार महत्त्वाचा. तो नसेल तर कायद्याच्या नजरेत तुम्ही तक्रार केलेलीच नाही. ठरलेल्या मुदतीत समाधान झाले नाही, म्हणून कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ई-मेल केला. २०१२ च्या ट्रायच्या नियमांनुसार हे अपील मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करायचे, त्याला फी नाही, आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. मेलमध्ये एकही शिवी नव्हती. प्लॅन घेतला तेव्हाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, आठ बिले, राउटर परत दिल्याची पावती आणि दोन प्रश्न: दर कोणत्या कलमाने वाढवला, आणि शुल्काची फोड काय? कंपनीने १,५०० रुपये सोडले. तीन महिन्यांची वाढ आणि त्यावरचा जीएसटी मिळून ३५४ रुपये "गुडविल म्हणून" परत केले. चूक मान्य केली नाही. दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर आजतागायत आलेले नाही.

अपिलात नकार मिळाला असता तर? १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि दोन वर्षांपर्यंत करता येते. नव्या कायद्याने एक मोठी सोय केली: ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही दाद मागता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय दिल्लीत असो की मुंबईत, तुम्ही चाकणला काम करता म्हणून पुण्यात तक्रार करू शकता. एवढे ध्यानात ठेवा की "हा करारच अनुचित आहे" अशी मागणी राज्य आयोगाकडे जाते. जास्त घेतलेले पैसे आणि सेवेतली त्रुटी यासाठी जिल्हा आयोग पुरतो.

हा दरवाजा आपोआप उघडा राहिलेला नाही. २००९ च्या एका निकालानंतर टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत, असे कंपन्या सांगत असत. आधार होता १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचा. अहमदाबादच्या एका ग्राहकाचे मोबाईलचे बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये येई. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या एका महिन्याचे आले २४,६०९ रुपये. त्याने २०१४ मध्ये जिल्हा मंचात तक्रार केली. कंपनीने "हे प्रकरण इथे चालतच नाही" असे म्हणत ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने सांगितले: चालते. एक माणूस आठ वर्षे "जाऊ दे" म्हणाला नाही, म्हणून आज तुमच्या-माझ्यासाठी तो दरवाजा उघडा आहे.

मग आपली मुले तक्रार का करत नाहीत? वेळ नसतो, हे खरे. शिफ्ट संपवून आलेला माणूस ई-मेल कधी लिहिणार? पण आपल्याकडे आणखी एक कारण आहे आणि ते बोलले पाहिजे. खोली बघायला गेल्यावर नाव सांगताच "आत्ताच गेली हो" हे उत्तर आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. ज्यांना खोली सहज मिळत नाही, त्यांना ती वारंवार बदलावी लागते. जे वारंवार बदलतात, त्यांनाच मुदतीआधीचे शुल्क वारंवार लागते. आणि ज्यांना नाव सांगितल्यावर नकाराची सवय झाली आहे, ते कागदावर नाव लिहून तक्रार करायला कचरतात. "उगाच नजरेत कशाला या?" ही भीती हवेतून आलेली नाही. तरीही मी म्हणेन की ग्राहक म्हणून केलेली तक्रार ही सुरुवात करायला चांगली जागा आहे. तिथे तुमच्या नावाशेजारी एक बिल असते आणि उत्तर त्या बिलाला द्यावे लागते. दीड हजारासाठी जो अर्ज लिहायला शिकतो, तो उद्या पीएफसाठी, रेशनसाठी, मतदार यादीतल्या नावासाठीही लिहू शकतो.

एक कबुली माझ्या धंद्याबद्दल. मी सॉफ्टवेअर लिहितो. "सुरू करा"चे बटण मोठे आणि "बंद करा"चे चार पडद्यांआड कसे जाते, हे मला माहीत आहे. ते चुकून होत नाही. कुणीतरी तसे मागते आणि आमच्यासारखे कुणीतरी तसे बांधते. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय नियमावलीत अशा १३ फसव्या रचनांची यादी आहे. सहज रद्द न करता येणारी वर्गणी तीत आहे, शेवटच्या पडद्यावर वाढणारी किंमतही आहे. तळवडे-हिंजवडीत काम करणाऱ्या वाचकांनी ती यादी एकदा वाचावी, आणि पुढच्या मीटिंगमध्ये तसे काही मागितले गेले तर निदान एकदा तोंड उघडावे.

आणि एक प्रस्ताव. ज्या पुण्यात १९७४ मध्ये, देशाला ग्राहक कायदा मिळण्याच्या बारा वर्षे आधी, बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, त्याच्या शेजारी आपण राहतो. चिखली, नेहरूनगर, आकुर्डी, चाकण, जिथे आपले चार जण आहेत तिथे महिन्यातून एका रविवारी दोन तास बसू. एक लॅपटॉप, एक प्रिंटर. ज्याला बिल कळत नाही त्याने बिल आणावे, ज्याला मेल लिहिता येतो त्याने लिहून द्यावा. कुणाचा धर्म विचारायचा नाही. लॉक-इन सगळ्यांना सारखाच लागतो. घरातून निघताना एवढे आठवावे की कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे.

तो मुलगा आता रांजणगावला आहे. नव्या खोलीत वायफाय घेताना दुकानदाराने वर्षाचा प्लॅन पुढे केला. याने विचारले, "मध्येच बंद केला तर किती? आणि मध्येच तुम्ही दर वाढवला तर? दोन्ही व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा." दुकानदाराने महिन्याचा प्लॅन दिला.