पाहुणेपण सोडताना

पंतप्रधान यासुहिरो नाकासोने यांच्या कारकिर्दीत, 1983 साली, जपानने एक लाख परदेशी विद्यार्थ्यांना सामावून घेण्याची योजना आखली आणि 2003 मध्ये ते उद्दिष्ट गाठले. अशा परदेशी विद्यार्थ्यांपैकी जे यजमान कुटुंबात, म्हणजे त्यांना काही काळ घरात ठेवून घेणाऱ्या कुटुंबात राहतात, त्यांचे शिक्षण वर्गाबाहेरही चालू असते. ‘गेन्कान’ या दारालगतच्या, घरापेक्षा पायरीभर खालच्या जागेत बूट काढून त्यांची टोके दाराकडे वळवून ठेवली जातात. ‘ओफुरो’ म्हणजे गरम पाण्याचे खोल स्नानकुंड, आणि त्यातील तेच पाणी सारे कुटुंब आळीपाळीने वापरत असल्यामुळे, बाहेर साबणाने अंग स्वच्छ धुऊनच त्यात उतरायचे असते. पहिल्या स्नानाचा मान पुष्कळदा पाहुण्याला मिळतो. परंतु विद्यार्थी जोवर पाहुणाच राहतो, तोवर त्याच्या कानी पडणारी भाषाही औपचारिकच राहण्याचा संभव असतो. जेवणानंतर भांडी विसळणारा, जळणारा व न जळणारा कचरा वेगळा करून नेमलेल्या दिवशी बाहेर ठेवणारा विद्यार्थी घरगुती जपानी अधिक सहजपणे आत्मसात करतो. म्हणूनच परदेशी शिक्षणाच्या पूर्वतयारीत व्याकरणाच्या जोडीने घरकामालाही स्थान मिळणे आवश्यक आहे, अशी या अंकाची भूमिका आहे.