चाकरासाठी केलेली विनवणी

मिस्सेत, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या अगदी आधी सगळं चर्च एका आवाजात एक छोटी प्रार्थना म्हणतं. प्रभूने माझ्या घरी यावं एवढी माझी योग्यता नाही, त्याचा एक शब्दसुद्धा मला पुरेसा आहे, असा तिचा आशय. ही विनवणी मूळची कुणा संताची नाही. ती कफर्णहूम गावातल्या रोमन शताधिपतीची आहे, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अंमलदाराची. परक्या सत्तेचा, परक्या धर्माचा हा माणूस येशूपुढे पदर पसरतो, तो स्वतःसाठी नाही. त्याचा चाकर पक्षाघाताने घरी पडून आहे, वेदनांनी तळमळतो आहे, त्याला बरं करा एवढंच त्याचं मागणं. मत्तय आणि लूक या दोघांनीही हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

मिस्सेच्या प्रार्थनेत मात्र चाकराच्या जागी आपण आपला आत्मा ठेवतो. माझा आत्मा बरा होईल, असं म्हणून पुढे वेदीकडे जातो. त्या क्षणी प्रत्येकाने स्वतःच्या आत डोकावणं योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या चाकराला आपण विसरता कामा नये, असं मला अलीकडे फार वाटू लागलं आहे. त्याला कारण माझी रविवारची सेवा.

मी वसईची. मराठी शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर आमच्या धर्मग्रामाच्या फादरांनी आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना घरी ख्रिस्तप्रसाद नेऊन देण्याचं काम माझ्यावर सोपवलं. पूर्वी हे फक्त धर्मगुरू करत. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर वाडीत येणार म्हटलं की घरोघरी अंगण झाडलं जायचं. 1973 साली पोप सहावे पॉल यांनी आमच्यासारख्या प्रापंचिकांनाही या सेवेची वाट मोकळी करून दिली. प्रथा मात्र फार जुनी आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये संत जस्टिन यांनी ख्रिस्ती उपासनेचं जे वर्णन लिहिलं, त्यात उपासनेला येऊ न शकलेल्यांकडे हा प्रसाद पोचवला जातो, असा उल्लेख आहे. छळाच्या काळात तो नेताना वाटेत गाठून मारला गेलेला तार्सिसियस हा आज वेदीसेवक मुलांचा आश्रयदाता संत आहे. आमच्या चर्चमधली लहान मुलं पांढरे झगे घालून वेदीभोवती वावरतात, त्यांना त्याची गोष्ट सांगतात.

इतर वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. गव्हाच्या पिठाची ती पातळ, बिनखमिराची चकती मिस्सेत अर्पण झाल्यावर प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर होते, अशी आम्हा कॅथलिकांची श्रद्धा आहे. ती एका छोट्या सोनेरी डबीत ठेवतात आणि डबी गळ्यात अडकवतात. ती गळ्यात असताना मी भाजीवाल्याकडे थांबत नाही, रस्त्यात गप्पा मारत नाही, फोन घेत नाही. ओळखीचं कुणी भेटलं तर मान लववते आणि पुढे जाते. पहिल्यांदा लोकांना हे तुसडेपणाचं वाटायचं. आता माझा हात छातीशी दिसला की समोरचा माणूसच बाजूला होतो. आमच्या वाडीतले हिंदू शेजारीही.

घराघरांत तयारी केलेली असते. पलंगाजवळ छोटं टेबल, त्यावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पेलाभर पाणी. एका घरातले आजोबा जन्मभर पानवेलीची बाग करत आले. आता त्यांना उठता येत नाही, पण शनिवारी रात्रीच ते सुनेला सांगून ठेवतात, उद्या सकाळी नवा सदरा. दुसऱ्या घरातल्या आजींना लाल लुगड्याशिवाय प्रभूपुढे बसायचं नसतं. त्यामुळे मऊ गाऊनवरून का होईना, त्यांच्या खांद्यावर ते लुगडं घालावं लागतं. तिसऱ्या घरातले आजोबा नव्वदीच्या पुढे आहेत, मुलांना ओळखत नाहीत. लहानपणी ते वेदीसेवक होते आणि तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली, त्याला साठ वर्षं होत आली. मी मराठीत प्रार्थना सुरू करते आणि ते लॅटिनमध्ये उत्तर देतात, अगदी बरोबर जागी. फादरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, चालू द्या, देवाला दोन्ही समजतं.

ज्यांना गिळता येत नाही त्यांना चकतीचा चतुर्थांश, कधी त्याहूनही लहान तुकडा द्यायचा आणि मग चमचाभर पाणी. ते घशाखाली उतरेपर्यंत थांबायचं. त्यानंतर काही वेळ कुणीच काही बोलायचं नाही. माझ्या मते सगळ्या विधीत हा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि सर्वांत जास्त तोच हुकतो. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असतो, कुकरची शिट्टी होते, मुलगा दारातून डोकावून "झालं का, टीचर?" विचारतो. ख्रिस्तप्रसाद जिभेवर घ्यावा की हातावर, यावर आमच्याकडे तावातावाने वाद होतात. चर्चला दोन्ही पद्धती मान्य आहेत, त्यामुळे मला त्या वादात पडायचं नाही. आदर किती आहे ते मी त्या शांततेवरून ओळखते. आपल्या आईसाठी पाच मिनिटं गप्प बसणं ज्याला जमतं, त्याच्या हाताबद्दल आणि जिभेबद्दल मला काळजी वाटत नाही.

या घरांत आणखी एक माणूस असतं. लोक सांगतात, "चोवीस तासांची बाई ठेवली आहे." मुलगा कॅनडात, मुलगी आखातात, इथे राहिलेली सून नोकरीला, अशी कितीतरी घरं आता वसईत आहेत. मग ब्युरोतून बाई येते. जव्हारची, विक्रमगडची, डहाणूच्या आतल्या पाड्यावरची. ती पलंगाच्या पायथ्याशी चटईवर झोपते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीही दर दोन तासांनी उठून आजींना कुशीवर वळवते. डायपर बदलते, लघवीची पिशवी रिकामी करते, पातळ पेज भरवते. आजींना किती उंच बसवलं की ठसका लागत नाही, पाणी कुठल्या चमच्याने द्यायचं, हे मला घरच्यांनी सांगितलं नाही. ते या बायांनी दाखवलं.

आणि मी पोचले की तिला सांगितलं जातं, "टीचर आल्या, तू जरा बाहेर थांब."

यात कुणाचा दुष्टावा नसतो. पवित्र वेळ आहे, घरची माणसं असावीत, ती आपल्या धर्माची नाही, एवढाच विचार असतो. पण ती बाहेर ओट्यावर जाऊन बसते आणि आत आम्ही त्या शताधिपतीचे शब्द म्हणतो, तेव्हा माझ्या मनात काहीतरी अडकतं. कफर्णहूमला चाकर खाटेवर होता आणि मालक त्याच्यासाठी धावपळ करत होता. आमच्याकडे मालकीण खाटेवर आहे आणि धावपळ करणारी चाकर आहे. मग आमच्या विनवणीत तिचं नाव नको का? मी आता तिला आत बोलावते. खुर्ची मागवते, नाव विचारते आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना तिच्यासाठीही नाव घेऊन करते. ती ख्रिस्तप्रसाद घेणार नसते, तिने घ्यावा अशी अपेक्षाही नसते. तिचे देव वेगळे आहेत आणि त्यांचा मान मला ठेवायचा आहे. प्रार्थना संपली की मी घरातल्या सगळ्यांना हात जोडते, तिलाही.

काही जणांना हे खटकलं. एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, आदर कमी होत नाही का अशाने? त्यांना मी चर्चचा कायदाच सांगितला. ख्रिस्तप्रसादाआधी उपवास पाळायचा असतो. आमच्या आजीच्या काळात तो मध्यरात्रीपासून असे आणि 1953 पर्यंत त्यात पाण्याचा घोटही चालत नसे. पुढे 1964 मध्ये तो एका तासावर आला. 1983 च्या चर्चच्या कायद्यात वृद्धांना आणि आजाऱ्यांना या एका तासातूनही सूट दिली आहे, आणि त्याच कलमात त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही. मला हे फार मोठं वाटतं. शुश्रूषा करणाऱ्याचं घड्याळ त्याच्या हातात नसतं, भूक लागेल तेव्हा मिळेल ते दोन घास खावे लागतात, हे कायदा लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं. ही सूट अर्थातच ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या कॅथलिकांसाठी आहे. पण त्यामागची समज सर्वांसाठी आहे, आणि ती आमच्या घरांत उतरलेली नाही.

दहा आज्ञांचंच घ्या. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना त्या पाठ करून घेतो आणि प्रभूचा दिवस पवित्र पाळण्याची आज्ञा एका ओळीत संपवतो. निर्गमाच्या पुस्तकात ती बरीच लांब आहे. त्या दिवशी तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी यांनी काम करू नये, असं सांगून ती थांबत नाही. दास, दासी, गुरंढोरं आणि वेशीच्या आत राहणारा परका माणूस, अशी सगळ्यांची विश्रांती ती मागते. पाठांतरासाठी आज्ञा लहान केली आणि पुन्हा दासीच गळाली. 15 मे 1891 रोजी पोप तेरावे लिओ यांनी कामगारांविषयीचं आपलं प्रसिद्ध परिपत्रक काढलं, त्यात रविवारची विश्रांती हा कामगाराचा हक्क म्हणून मांडली. गेल्या वर्षी, 2025 च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतलं, त्यामागे या परिपत्रकाचंही स्मरण होतं. तेव्हा आमच्या चर्चमध्ये त्यावर प्रवचनं झाली, गिरण्या-कारखाने यांची उदाहरणं आली. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आणि आजींच्या खोलीपर्यंत ते परिपत्रक आलं नाही. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण घराच्या आत कुणाला किती झोप मिळते हे बघायला कुठलं मंडळ येणार?

मला घरच्यांची बाजूही ठाऊक आहे. ब्युरोला पैसे भरताना सुनेची ओढाताण होते, औषधांचा खर्च वेगळा. बाई रविवारी गेली तर आईला वळवणार कोण, हा प्रश्न खरा आहे. आठवडाभर लोकलने चर्चगेट गाठणाऱ्या सुनेला रविवार तेवढा मिळतो, तोही गेला तर ती कोलमडेल. तिला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. म्हणूनच हा भार एकट्या घरावर टाकून चालणार नाही, तो धर्मग्रामाने घ्यायला हवा.

आमच्या वाडीवाडीत ख्रिस्ती समूह आहेत. ते एकत्र जपमाळ म्हणतात, उपवासकाळात क्रुसाची वाट करतात, सणाला मंडप घालतात. संत विन्सेंट दे पॉल यांच्या नावाने गरिबांच्या घरी जाणारी मंडळी तर पॅरिसमध्ये 1833 पासून हेच काम करत आली आहेत आणि आमच्याकडेही ती आहेत. या सगळ्यांनी मिळून प्रत्येक आजाऱ्याच्या घरी रविवारचा दिवस वाटून घ्यावा. सकाळच्या मिस्सेनंतर एकाने बसायचं, दुपारी दुसऱ्याने, संध्याकाळी घरच्यांनी. बाईला पगारी सुट्टी. तिने झोपावं, गावी जावं, सिनेमा बघावा, तो तिचा प्रश्न. वळवायचं कसं, भरवायचं कसं, हे शिकवायला धर्मग्रामात निवृत्त नर्सबाई आहेत. आणि हे शिकायला पुरुषांनीही आलं पाहिजे. आजोबांचे कपडे बदलायला मुलगा, जावई, नातू का नको? सणाच्या मिरवणुकीत पालखीला खांदा द्यायला त्यांची रांग लागते.

जुलैच्या चौथ्या रविवारी जगभर आजी-आजोबांचा दिवस पाळतात. पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये तो सुरू केला. आम्हीही वृद्धांना चर्चमध्ये आणतो, गुलाब देतो, फोटो काढतो. त्या दिवशी चाकाच्या खुर्चीमागे उभी असलेली बाई फोटो काढताना बाजूला सरकते. यंदा तिला सरकू देऊ नये.

अजून एक. आपल्या नाताळला ती रात्रभर जागून आजींना सांभाळते, म्हणून घरच्यांना मध्यरात्रीच्या मिस्सेला जाता येतं. तिची वाघबारस दिवाळीच्या तोंडावर येते. तेव्हा पाड्यावर तिची वाट बघतात. तिला दोन दिवस गावी पाठवायचं तर बदली माणूस ठरवावा लागेल, समूहातल्या दोघा-तिघांना आधीच सांगावं लागेल, आजींनाही चार दिवस आधीपासून सांगत राहावं लागेल, कारण नवा चेहरा दिसला की त्या जेवत नाहीत. ते घरात बसून आत्ताच ठरवायला हवं.