समुद्राचा श्वासही मोजा

पावसाळ्याचा हिशेब मिलिमीटरमध्ये मांडला जातो. किनाऱ्यालगतच्या समुद्रात मात्र खरी उलथापालथ घडवतो तो वारा. जून ते सप्टेंबरदरम्यान केरळपासून गोव्यापर्यंत वाऱ्याचा काही जोर किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडे असतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे ढकलले जाते आणि खालचे थंड पाणी वर येते. त्यातील नायट्रेट-फॉस्फेटवर सूक्ष्म वनस्पती फोफावतात. तारली-बांगड्यांची भरभराट होते ती त्यांच्याच जिवावर.

पण या थंड पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर त्यावर झाकणासारखा बसतो. मेलेल्या वनस्पती तळाशी कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यासमोरच्या उथळ तळाशी तो जवळपास शून्यावर येतो. अशा पाण्यात नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढ करणारा वायू मोठ्या प्रमाणात साठतो, हे गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडले. शेतातून वाहून येणाऱ्या नत्रखतांकडेही त्यांनी बोट दाखवले होते.

वारा कोणाच्याच हातात नाही. शेतात खत किती टाकायचे, हे मात्र ठरवता येते. गोव्यातील मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि प्राणवायूची टंचाई त्यानंतर शिगेला पोहोचते. म्हणूनच पावसाच्या आकड्यांइतक्याच नियमितपणे किनारी पाण्यातील प्राणवायूचे आकडेही मच्छीमारांपर्यंत पोहोचले पाहिजेत.