वीज काळी, तर धातू हिरवा कसा?

विद्युत अपघटनाने धातू मिळवण्याचे एखादे नवे तंत्र जाहीर झाले की देशभरच्या विज्ञानवार्तांत ठरावीक मथळा झळकतो: धूर नाही, भट्टी नाही, केवळ वीज; म्हणजे धातू ‘हिरवा’. या वाक्यातला ‘म्हणजे’ तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. भारतापुरते पाहिले तर तो ‘म्हणजे’च खोटा आहे. ॲल्युमिनियमचा एक किलो त्याच्या पुराव्यास पुरेसा आहे.

अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी १८८६ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेली पद्धत आजही जगभर चालते. बॉक्साइटपासून मिळवलेला शुद्ध ॲल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये सुमारे ९६० अंश सेल्सियसला विरघळवतात व त्यातून वीजप्रवाह सोडतात. ऋणाग्रापाशी द्रवरूप ॲल्युमिनियम साचते. धनाग्राचा कार्बन मात्र ऑक्सिजनशी संयोग पावून झिजत जातो आणि किलोभर धातूमागे सुमारे दीड किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. न झिजणाऱ्या ‘निष्क्रिय’ धनाग्राचा जो गाजावाजा होतो, तो मुख्यतः हा दीड किलो वाचवण्यासाठी.

आता वीज मोजावी. एका किलोला सुमारे १४ युनिट लागतात. रेणुकूट, कोरबा, अंगुल, झारसुगुडा येथील स्मेल्टरांना ती प्रामुख्याने त्यांच्याच कोळशावरील वीजकेंद्रांतून मिळते. अशा विजेच्या प्रत्येक युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हिशेब १४ किलोंवर जातो. त्यासाठी सुमारे १० किलो कोळसा जळतो आणि तीन-चार किलो राख मागे उरते. मथळा दिल्लीत छापला जातो. राख कोरबा आणि सिंगरौलीच्या वाट्याला येते.

निष्क्रिय धनाग्राची खरी मेख याहून खोल आहे. कार्बन जळताना अपघटनाला ऊर्जेचा हातभार लावतो. तो काढून घेतला की घटाला तत्त्वतः सुमारे एक व्होल्ट अधिक द्यावा लागतो. किलोमागे सुमारे तीन युनिट जास्त. घटाच्या रचनेत अन्यत्र तेवढी बचत साधली नाही, तर कोळशाच्या विजेवर दीड किलो वाचवण्यासाठी तीन किलो हवेत सोडले जातील. जलविद्युत वापरणाऱ्या कॅनडात जे संशोधन उपकारक ठरेल, तेच ओडिशात अपायकारक ठरू शकते. यात दोष संशोधनाचा नाही. वीज न मोजता टाळ्या वाजवणाऱ्यांचा आहे.

यावर सौरऊर्जेचे उत्तर तयार असते. पण स्मेल्टरला रात्र नसते. काही तास वीज गेली तर घटातील द्रव गोठू लागतो आणि घट निकामी होण्याची वेळ येते. त्यामुळे सौरक्षमतेच्या मेगावॅटचे आकडे पुरेसे नाहीत. सूर्य मावळल्यावर तीच वीज कोणत्या साठ्यातून येणार, हे सांगावे लागेल. त्या साठवणुकीचा खर्च घोषणेत क्वचितच दिसतो.

विसरला गेलेला इतिहासही येथे बोलका आहे. हिराकुड धरणाचे उद्घाटन १९५७ मध्ये झाले आणि त्याच्या विजेच्या भरवशावर १९५९ मध्ये तेथे स्मेल्टर सुरू झाला. रेणुकूटचा कारखाना १९६२ मध्ये रिहंद धरणालगत उभा राहिला. ती वीजही निष्पाप नव्हती. हजारो कुटुंबांनी बुडालेल्या जमिनींनी तिची किंमत मोजली. पुढे या उद्योगाचा विस्तार कोळशावर झाला. विद्युत अपघटन तेच राहिले, धातूचा ‘रंग’ मात्र बदलला. कारण तो रंग तंत्राचा कधी नव्हताच, विजेचा होता.

म्हणून ‘हिरव्या’ धातूच्या प्रत्येक घोषणेसोबत किलोमागे युनिट किती, ते कोठून येतात आणि मध्यरात्री कोठून येतात, एवढे छापणे अनिवार्य मानले पाहिजे. जो पत्रकार हे विचारत नाही, तो विज्ञानवार्ता देत नाही, जाहिरात छापतो. आणि जो वैज्ञानिक हे न विचारता मौन पाळतो, त्याच्या मौनाचाही त्या जाहिरातीत वाटा असतो.