‘रात्री एक’ म्हणजे कुठं?

अंगावरून पांढरं जातं म्हणून एटापल्ली तालुक्यातली एक माडिया बाई दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी योनीत ठेवायच्या सहा गोळ्या लिहून दिल्या. औषधाच्या खिडकीशी तिच्या मागं पुरुषांची रांग. आतल्या माणसानं मान वर न करता गोळ्या पुढं सरकवल्या, ‘रात्री एक’ म्हणाला आणि पुढचा कागद घेतला. बाईनं सहा रात्री सहा गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या.

बैठकीत ही गोष्ट सांगितली की कुणीतरी हसतं. ‘बाया अडाणी, दुसरं काय!’ मी विचारते, अडाणी कोण? जिला सांगितलंच नाही ती, की शिकूनही ज्यानं सांगितलं नाही तो?

लोक त्याला अजून कंपाउंडर म्हणतात. पण बारावीनंतर दोन वर्षांची पदविका, ५०० तासांचं प्रात्यक्षिक आणि नोंदणी झाल्यावर तो फार्मासिस्ट होतो. रुग्णाला औषध समजावून सांगणं हे २०१५ च्या नियमांनी त्याचं कर्तव्यच ठरवलं आहे. मग ते त्या खिडकीपर्यंत का पोचत नाही? बाईशी तिच्या भाषेत, तिच्या अंगाविषयी न लाजता कसं बोलावं, हे त्याला कुणी शिकवलं?

प्रश्न एका बाईचा नाही. याच जिल्ह्यात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची पाहणी केली. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होतं; त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्के जणींची. एवढं दुखणं अंगावर काढून बाई खिडकीपर्यंत येते, आणि तिथं दोन शब्दांत तिची बोळवण होते.

हेही आठवा. गर्भ राहिला का हे बघायला म्हणून संप्रेरकांची जबर मात्रा असलेल्या गोळ्या बायांना सर्रास मिळत. स्त्री-संघटना वर्षानुवर्षं लढल्या, तेव्हा कुठं १९८८ मध्ये त्यांवर बंदी आली. त्या गोळ्या बायांच्या हातात पडत होत्या दुकानाच्या काउंटरवरूनच.

टोल्यावर गोळी देते ती आशा. तिथं फार्मासिस्टची सक्ती नाही, कायद्यानंच सूट दिली आहे. ही सूट काढा असं मी म्हणत नाही. काढली तर जंगलातल्या बाईला गोळीच मिळायची नाही. गडचिरोलीतच पाचवी-दहावी शिकलेल्या आरोग्यदूत बायांनी तान्ह्या बाळांना इंजेक्शनं दिली, आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले, हे १९९९ साली जगानं वाचलं. म्हणजे बाया शिकतात. शिकवणारा हवा.

म्हणून आपल्या मागण्या. खिडकीला आडोसा हवा. औषध कसं घ्यायचं ते माडियात सांगा, चित्र काढून द्या, आणि बाईकडून परत वदवून घ्या. फार्मासिस्टनं दर महिन्याला आशांना औषधं शिकवावीत. माडिया मुलींना फार्मसीच्या पदविकेसाठी शिष्यवृत्ती द्या आणि इथंच नोकरी द्या.

तोवर आपण काय करायचं? बाईबरोबर खिडकीशी उभं राहायचं आणि विचारायचं: हे कशाचं? किती? कधी? कुठं? किती दिवस? पाचही उत्तरं मिळेपर्यंत रांग हलू द्यायची नाही.